पंपरूमशेजारची लोकर

हे खरं तर मी सांगायचं नव्हतं. बाबांनी जेवताना, ताटातून मान वर न करता बजावलंय, "सोसायटीतलं सोसायटीत राहू दे, प्राची." बाबा आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत.

पण सांगायचं नाही असं ठरवलं की किस्से जास्तच साठतात. लोकर पिंजताना तिचे तंतू अंगाला चिकटतात. खोलीतून निघताना आपण सगळे झटकून टाकतो, आणि मग शाळेत प्रार्थनेला बाहीवर एक सापडतो, गणिताच्या वहीत एक सापडतो. तसंच हे. शिवाय मी बोलणारी मुलगी नाही. राग आला की माझं तोंड बंद होतं आणि चोख उत्तर घरी येऊन चपला काढताना सुचतं. तीन महिन्यांत अशी बरीच उत्तरं साचली आहेत. म्हणून लिहिते.

आमची सोसायटी नेरूळला, शिरवणे गावाला लागून. तिथे बी विंगमध्ये सचिनदादाची आई राहायला आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातून. सगळे त्यांना बायडाक्का म्हणतात. येताना त्यांनी एक चरखा, चार टकळ्या आणि मेंढीच्या लोकरीची दोन पोती आणली. सचिनदादाचा फ्लॅट एका बेडरूमचा आणि त्याच्या बाळाला लोकरीने शिंका यायच्या. म्हणून सोसायटीने पंपरूमशेजारची खोली आक्कांना दिली. तीन महिन्यांसाठी, ट्रायल बेसिसवर! आक्कांनी तिथे सूतकताई आणि झाडपाल्याचे रंग शिकवायचे, असं ठरलं.

"खोली हाय तवर मी हाय," आक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "हाताला काम न्हाई तर मी हितं काय लिफ्ट वर-खाली जाताना बघत बसू? खोली गेली की मी बी गावाकडं गेले."

त्या खोलीत आधी सेक्रेटरी मानेकाकांची बंद पडलेली ट्रेडमिल होती. ती त्यांना स्वतःच्या बाल्कनीत न्यावी लागली. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

*

शिकायला आम्ही तिघंच होतो. मी, ए विंगमधल्या शिर्केकाकू आणि मूळचे शिरवण्याचे, आता आमच्याच सोसायटीत राहणारे म्हात्रेकाका. म्हात्रेकाका तळोज्याला रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं होते, आता रिटायर्ड.

पहिले तीन रविवार आक्कांनी आम्हाला टकळीला हात लावू दिला नाही. समोर न धुतलेल्या लोकरीचा ढीग टाकला आणि म्हणाल्या, "कुसळं काडा." गवताची कुसळं, काटे, वाळलेल्या लेंड्या, सगळं बोटांनी निवडायचं. लोकर तेलकट असते आणि तिला मेंढीचा वास येतो. अत्तराचा कसा येईल?

तिसऱ्या रविवारी मानेकाका दारात येऊन उभे राहिले. नाकाला रुमाल.

"हा क्लास आहे की कचरा वेचायचं काम? या मुलीचं नववीचं वर्ष आहे. तीन आठवड्यांत काय शिकली ही?"

मी मान खाली घातली. आक्कांनी माझ्यापुढचा निवडलेला पुंजका उचलला, उजेडात धरला आणि त्यातून एक कुसळ काढलं. मला अजिबात दिसलं नव्हतं. ते त्यांनी मानेकाकांच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंच शिकायचं ऱ्हायलंय."

*

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर कागद लागला. 'पंपरूमशेजारील खोलीतून उग्र वास येत असल्याबाबत.'

शिर्केकाकू मनाने फार चांगल्या. त्यांना वाटलं, वास गेला की प्रश्न मिटला. आक्का लोकर कोमट पाण्यात रिठा घालून, हलक्या हाताने, न चोळता धुवायच्या. एका वेळी एक घमेलं. शिर्केकाकूंनी कुणाला न विचारता अर्धं पोतं घरी नेलं, वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं, पाणी कडक गरम केलं, पावडर टाकली आणि वर ड्रायरही फिरवला!

गरम पाण्यात घुसळली की लोकर आवळते, तंतू एकमेकांत रुतून बसतात. मशीनमधून जे निघालं ते उशीएवढं, लाकडासारखं घट्ट होतं. आणि मशीनही थांबलं. मेकॅनिक आला. त्याने पाइप उघडला, आत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, मैं किसी को नहीं बोलेगा. अंदर कुत्ता धोया ना?"

काकू रडवेल्या होऊन तो गोळा आक्कांकडे घेऊन आल्या. आता आक्का चिडणार, असं मला वाटलं. सहा मेंढ्यांची लोकर होती ती! आक्कांनी गोळा दाबून बघितला, त्यावर बसून बघितलं.

"झ्याक झालंय," त्या म्हणाल्या. "फकस्त आता ह्याला सूत म्हनू नगा. पाट म्हना."

तेव्हापासून शिर्केकाकू त्याच पाटावर बसतात.

*

मग एक ताई आल्या. कुणाच्या तरी ओळखीने, फोटो काढायला. सोबत गोल दिवा, स्टँड, दोन बॅगा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि आक्कांना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा नऊवारी नेसाल का? आणि मोठी नथ? म्हणजे ऑथेंटिक वाटेल."

आक्का पाचवारी पॉलिस्टर साडीत होत्या. म्हणाल्या, "म्या कवाधरनं हेच नेसतीया. मी ऑथेंटिक न्हाई का?"

ताईंना उत्तर नको होतं. त्या स्वतःच चरख्यापाशी बसल्या आणि चाक फिरवत कॅमेऱ्याकडे बघून हसायला लागल्या. केस मोकळे, कमरेपर्यंत. आक्का दोनदा म्हणाल्या, "बाई, केस बांधा." ताई म्हणाल्या, "लूक जातो." तिसऱ्यांदा आक्का काही बोलल्या नाहीत.

चाती, म्हणजे चरख्याची टोकदार सळई, गरागरा फिरली, सूत गुंडाळलं जात होतं, आणि त्यासोबत केसांची एक बट आत गेली! ताई किंचाळल्या. मी चाक धरलं. सूत आणि केस असे पिळून एक झाले होते की सुटता सुटेनात. आक्कांनी कोपऱ्यातून लोकर कातरायची मोठी कात्री आणली.

"सूत कापा ना!" ताई ओरडल्या.

"सूत माजं दोन दिसाचं हाय," आक्का म्हणाल्या. "केस काय, उगवत्यात."

*

शाळेतलं थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की अजून कान गरम होतात. क्राफ्टच्या प्रोजेक्टला मी स्वतः निवडलेल्या, धुतलेल्या, पिंजलेल्या, कातलेल्या आणि झेंडूच्या फुलांत रंगवलेल्या सुताची लडी दिली. सव्वादोन महिने! बोटांना घट्टे पडले होते. टीचरनी ती दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, "कलर छान आहे, पण धागा कुठे जाड, कुठे बारीक. फिनिशिंग नाही. स्टेशनरीच्या दुकानात रेडिमेड लोकर मिळते, ती का नाही आणलीस?"

मला बी ग्रेड. ज्या मुलीने रेडिमेड लोकरीचे गोंडे पुठ्ठ्यावर चिकटवले, तिला ए प्लस.

 आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी लडी मागून घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि एका जाड ठिकाणी थांबल्या. "हितं तू कुनाशी तरी बोलत हुतीस." आणखी एक. "हितं रागात हुतीस." आणि मग बराच वेळ बारीक, एकसारखा धागा. "आन् हितं शिकलीस. बाईस्नी म्हनावं, वाचता येत आसंल तर वाचा."

मी अर्थातच म्हटलं नाही.

*

कांद्याच्या सालीचा रंग लोकरीवर फार सुंदर चढतो, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. पण साली लागतात पोतंभर. म्हणून मी, आक्का आणि म्हात्रेकाका सकाळी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला गेलो. गाळ्यापुढे सालींचे ढीग पडलेले असतात, पायाखाली वाजतात.

एका व्यापाऱ्याने आक्कांना साली भरताना बघितलं आणि उठून उभा राहिला. "अहो मावशी, ठेवा ते! चार कांदे घेऊन जा, आम्ही माणसंच आहोत."

"कांदं घरात हायती," आक्का म्हणाल्या. "मला नुसती सालच पायजेल."

तो म्हात्रेकाकांच्या कानाशी लागला. "कधीपासून असं करतात?"

एक हमालदादा मात्र साताऱ्याकडचे निघाले. त्यांनी आक्कांची बोली ऐकली, काही न विचारता पाठीवरचं पोतं उतरवलं आणि फावड्याने साली भरून दिल्या. म्हणाले, "रंगाला ना? लाल कांद्याच्या घ्या, पांढऱ्यात काय न्हाई."

पण तेवढ्यात आमच्याच सोसायटीतल्या कुणीतरी आमचा फोटो काढला होता. आम्ही घरी पोचायच्या आत तो सोसायटीच्या ग्रुपवर! आक्का वाकलेल्या, मी पोतं धरलेलं. खाली मानेकाकांचं वाक्य: 'हे आपल्या सोसायटीच्या इमेजला शोभतं का?' त्याखाली सतरा जणांचे अंगठे.

म्हात्रेकाकांनी तिथेच रिक्षात बसून एका बोटाने उत्तर टाइप केलं. पूर्ण होईपर्यंत शिरवणे आलं. त्यांनी लिहिलं होतं: 'फोटो काढनाऱ्यान पोता उचलाय हात लावला असता तर बरा झाला असता.'

त्यावर एकही अंगठा आला नाही.

*

मग दुसरी नोटीस लागली. 'गटारात केमिकलयुक्त रंगीत पाणी सोडू नये.'

त्या दिवशी आम्ही डाळिंबाच्या साली उकळत होतो. मोठ्या पातेल्यात साली आणि पाणी, दुसरं काही नाही. रंग पक्का करणारी तुरटी नंतर घालायची होती. मानेकाका वॉचमनला घेऊन आले आणि पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा पुरावा! केमिकल!"

म्हात्रेकाका एरवी शांत माणूस. पहिल्यांदा रंगाच्या पातेल्यात उघडा हात घातला तेव्हा ते कितीतरी वेळ हाताकडे बघत बसले होते. तीस वर्षं रंगात काढली, पण हातमोज्याशिवाय रंगाला शिवायची सोय नव्हती. ते उठले. त्यांनी खोलीतला स्टीलचा पेला घेतला, पातेल्यात बुडवला आणि फुंकर मारली.

"माने, मना केमिकल नको शिकवू. तलोज्याला तीस वरसा काढलीत मी. केमिकल कसा आसतं ता मना म्हाईत हाय."

आणि घटाघट पेलाभर पाणी प्यायले!

वॉचमन दोन पावलं मागे सरकला. मानेकाका म्हणाले, "अहो, अहो, ॲम्ब्युलन्स—" म्हात्रेकाकांचा चेहरा आधी आकसला, मग वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं.  त्यांनी पेला खाली ठेवला.

"तुरट हाय," ते म्हणाले. "जरा साकर पायजे होती."

*

आणि आता मीटिंगचं. हेच सांगायचं नाही, असं बाबांचं म्हणणं आहे.

तीन महिने संपत आले होते. रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. विषय एकच. सचिनदादाने आक्कांचं संध्याकाळच्या एसटीचं तिकीट काढून ठेवलं होतं. चरखा चादरीत बांधून जिन्याखाली उभा होता. त्या चादरीकडे मला बघवत नव्हतं.

मानेकाका फाइल घेऊन उभे राहिले. "वासाबद्दल अकरा सभासदांच्या लेखी तक्रारी आहेत. अकरा सह्या! माझा पर्सनल काही विषय नाही." आणि त्यांनी नावं वाचली.

चौथं नाव बाबांचं होतं.

मी बाबांकडे बघितलं. माझ्या बाबांनी! माझ्या कपड्यांना लोकरीचा वास येतो असं ते घरी एकदाही म्हणाले नव्हते. बाबा त्या कागदाकडे असे बघत होते, जणू तो आत्ताच छापून आला आहे. मला उठून ओरडायचं होतं. मी खुर्चीची कड धरून बसले.

आक्का पुढे आल्या. काखेत काळी घोंगडी होती. त्यांनी ती पार्किंगच्या फरशीवर, दोन गाड्यांच्या मधे अंथरली आणि चारी कोपरे सारखे केले.

"आमच्याकडं तंटा आसला की घोंगडं हातरत्यात," त्या म्हणाल्या. "ज्याला बोलायचंय त्यानं पायताण काडून वर बसायचं. आन् त्याच्यावर बसून खोटं बोलायचं न्हाई. एवढाच कायदा. ज्यास्नी वास आला, त्यांनी बसून सांगा. मी मुकाट जाते."

"मॅडम, ही रजिस्टर्ड सोसायटी आहे," मानेकाका म्हणाले. "इथे बायलॉज चालतात. घोंगडी नाही."

"मंग तुजा बायलॉज हातर," मागून म्हात्रेकाका म्हणाले. "त्याच्यावर बसतो."

 पंप चालू झाला, बंद झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. त्यांनी बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्यांना दिसलं. घट्ट जीन्समुळे त्यांना नीट मांडीही घालता येईना. पण ते बसले.

"मला वास आला नाही," बाबा आक्कांना म्हणाले. "मानेंनी लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टच्या कागदांसोबत तो कागद पुढे केला. मी न वाचता सही केली. चूक माझी."

आणि उठले. मी आयुष्यात कधी बाबांकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

मग सी विंगचे गुप्ताजी उठले. चपला काढून बसले आणि म्हणाले, "मेरा भी सेम. और मेरे को तो सायनस है भाई, दस साल से! मेरे को किसी चीज का स्मेल नहीं आता!"

पार्किंगमध्ये हसू फुटलं. मग तिसरे उठले, चौथे उठले. घोंगडीपुढे रांग लागली, चपलांचा ढीग झाला. कुणी म्हणालं, लिफ्टचाच कागद समजलो. कुणी म्हणालं, मानेंना नाही कसं म्हणायचं. एक काकू तर म्हणाल्या, मी तेव्हा गावाला होते, ही सही माझी नाहीच! दहा जण बसून उठले.

अकरावी सही मानेकाकांची स्वतःची होती. ते फाइल छातीशी धरून उभेच.

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. मानेकाकांची आई. ऐंशीच्या पुढच्या, कधी खाली न येणाऱ्या. मानेकाका "आम्ही पुण्याकडचे" एवढंच सांगतात, आणि त्यांच्या आईला बोलताना आम्ही कुणी ऐकलंच नव्हतं. त्या घोंगडीपाशी आल्या, वाकल्या, काठावरून हात फिरवला आणि तो हात कपाळाला लावला. मग लेकाकडे बघितलं.

"बस की रं आता. तुजाच नंबर हाय."

"आई, माझे गुडघे दुखतात," मानेकाका दबक्या आवाजात म्हणाले. "मला खाली बसता येत नाही, तुला माहितीये."

"आसं व्हय," आजी म्हणाल्या. "मग तीन म्हैनं उब्यानंच बोलत हुतास म्हन की!"

  मानेकाकांनी फाइल खुर्चीवर ठेवली. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडायला वाकले आणि वाकलेले असतानाच, वर न बघता त्यांनी आक्कांना विचारलं, की—

"प्राचेऽ! आगं झेंडूचं पानी उकळाय लागलं! खोलीच्या पायरीवर बसून किती लिवतीस? तुरटी कुटं ठिवलीस?"

आले, आक्का! थांबा जरा, हे वाक्य पूर्ण करते. तर मानेकाकांनी विचारलं, की त्या खोलीच्या—